हिरवी पट्टी

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करणारं एक ग्रंथालय होतं. तिथल्या कॉम्प्युटरांची देखभाल ज्याच्याकडे होती त्याला सगळे बाइटराव म्हणत. नाव थट्टेनं ठेवलेलं. कपाटात आणखी एक फाइल बसेल का, असं कुणी विचारलं तरी हा डिस्क, मेमरी आणि बाइट यांवर सुरू व्हायचा. थट्टा आपलीच चाललीय हे लक्षात यायला त्याला बरीच वर्षं लागली, आणि तोवर त्याला ते नाव आवडायला लागलं होतं. पुढे राव लागलंय म्हणजे मान आलाच, असं त्याचं गणित.

ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला दोन खोल्या होत्या, मध्ये जाड काच. एकीच्या भिंतींना स्पंज लावलेला. तिथे टेबल, दोन-तीन खुर्च्या, दिवा आणि माइक. वाचणारा तिथे बसायचा. दुसरीत कॉम्प्युटर आणि आवाजाचं काम बघणारा एक शांत गृहस्थ, ज्याला सगळे कानसेन म्हणत. कानसेनचं आणि बाइटरावचं चांगलं जमायचं, कारण कानसेन दिवसभर कानांवर हेडफोन घालून बसायचा आणि बाइटरावचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचायचंच नाही.

रेकॉर्डिंगसाठी त्यांच्याकडे एक विकतचा प्रोग्रॅम होता. डिस्क भरली की तो कोपऱ्यात बारीक अक्षरांत काहीतरी पुटपुटायचा आणि थांबायचा. एकदा एका प्रवासवर्णनाची चार पानं त्यात गेली. तेव्हापासून कानसेन काम सुरू करण्याआधी स्वतः डिस्कवरची जागा बघून घ्यायचा. बाइटरावला हे बघवेना.

"माणसानं कशाला बघायचं?" तो म्हणाला. "प्रोग्रॅमनंच बघावं. मी लिहून देतो. सी भाषेत."

"विकतचा चालतोय की," कानसेन म्हणाला.

"चालतोय आणि धावतोय यात फरक आहे," असं म्हणून बाइटराव आपल्या टेबलाशी गेला. हे वाक्य त्याला इतकं आवडलं की त्यानं ते घरी बायकोलाही ऐकवलं. ती दातांच्या दवाखान्यात लोकांना वेळा देण्याचं काम करायची, दिवसभर माणसांची कण्हणी ऐकून यायची, त्यामुळे तिनं नुसतं "हं" केलं.

प्रोग्रॅम झाला. त्यात बाइटरावला सगळ्यात अभिमान वाटायचा तो एका छोट्या भागाचा. सी भाषेतून ऑपरेटिंग सिस्टीमला विचारता येतं, की बाई, या डिस्कवर जागा किती शिल्लक आहे? त्यासाठी स्टॅटव्हीएफएस नावाची एक सोय असते. ती उत्तरादाखल आकड्यांचं एक गाठोडंच हातात ठेवते. डिस्क किती ठोकळ्यांत वाटली आहे, ठोकळा केवढा, मोकळे किती. बाइटरावनं 'मोकळे' घेतले, ठोकळ्याच्या आकारानं गुणले, आणि पडद्यावर एक हिरवी पट्टी काढली. पट्टीखाली लिहून यायचं, अजून इतके तास रेकॉर्डिंग होईल. माहितीपत्रकात 'मोकळे' या ओळीखाली आणखी एक ओळ होती. ती त्यानं वाचली नाही. हवा तो आकडा सापडल्यावर पुढे वाचत बसणं हे नवशिक्यांचं लक्षण, असं त्याला वाटायचं.

दोन-तीन आठवडे पट्टी झकास चालली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ती दाखवायचा. पाणी भरायला आलेल्या माणसालाही त्यानं दाखवली. तो म्हणाला, छान हिरवी आहे.

त्याच सुमारास बातमीबाई वाचत असलेल्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. बाईंनी उभी हयात रेडिओवर बातम्या वाचण्यात घालवली होती आणि निवृत्त झाल्यावर त्या ग्रंथालयासाठी वाचायच्या. एका नावाड्यावरची लांबलचक कादंबरी त्यांनी वाचायला घेतली होती, आणि मध्येच घसा धरायला लागला. तपासण्या झाल्या. स्वरतंतूंवर गाठ होती. शस्त्रक्रिया लगेच करायची ठरली. नंतर आवाज येईल, पण कसा येईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाईंनी हट्टानं एका बैठकीची परवानगी मिळवली. ते प्रकरण वाचायचं, आणि मग शस्त्रक्रियेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही.

त्या दिवशी बाइटराव मुद्दाम कानसेनशेजारी जाऊन बसला. सकाळीच कानसेननं दुसऱ्या मशीनवरची बरीच जुनी पुस्तकं या डिस्कवर उतरवली होती, म्हणून त्यानं विचारलं, "जागा पुरेल ना?"

"पट्टी बघ," बाइटराव म्हणाला. "दोन कादंबऱ्या मावतील अजून."

काचेपलीकडे बाईंनी पाण्याचा घोट घेतला, चष्मा वर सरकवला आणि वाचायला सुरुवात केली. आवाज या खोलीतल्या स्पीकरवर येत होता. बाइटराव पट्टी बघत होता. पट्टी सुरुवातीला किंचित हलली आणि थांबली. थोड्या वेळानं बघितलं तर तिथेच. पान उलटलं, आणखी पान उलटलं, पट्टी जागची हलेना. त्याला आधी आश्चर्य वाटलं, मग कौतुक वाटलं. स्वतःचंच. आपण आवाज इतका आटोपशीर साठवतोय की जागा लागतच नाही, असा अर्थ त्यानं काढला. हे कसं झालं असावं याची कारणंही त्याला भराभर सुचली, आणि सगळी कारणं त्याच्या हुशारीत जाऊन संपत होती. शेजारी कानसेननं चष्मा काढून डोळे पुसले. सर्दी झाली असावी, असं बाइटरावला वाटलं.

वाचन संपलं. बाई बाहेर आल्या त्या एक हात गळ्यावर ठेवूनच. दुसऱ्या हातानं त्यांनी विचारलं, झालं?

"एकदम सुरक्षित," बाइटराव म्हणाला, आणि त्यांनाही पट्टी दाखवली.

बाईंनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि त्या घरी गेल्या. बाइटरावनं मशीन बंद केलं. आकाश त्याला ठेंगणं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी कानसेन साफसफाईसाठी ते प्रकरण उघडून बसला. मधले खोकले, पानांचे आवाज काढून टाकायचे असतात. थोड्या वेळानं त्यानं हेडफोन काढले, हीच मुळात वाईट खूण होती.

"अरे, ही फाइल एवढीशी कशी?"

"तेच तर," बाइटराव म्हणाला. "मी कालच म्हणणार होतो तुला. आटोपशीर."

कानसेननं आवाज बाहेरच्या स्पीकरवर लावला. बाईंचा आवाज आला, "प्रकरण शेवटचं. त्या वर्षी नदीनं आपली जागा सोड..." आणि पुढे काही नाही. दोघं बराच वेळ त्या काही नाहीकडे बघत राहिले.

बाइटरावची पाचावर धारण बसली. त्यानं शोधाशोध केली, पण जे लिहिलंच गेलं नाही ते शोधणार कुठे? मशीनच्या स्मृतीत काही उरलं असतं तर तेही त्यानं काल आपल्या हातानं बंद केलं होतं, वीज वाचवायला. शेवटी त्यानं माहितीपत्रक उघडलं आणि न वाचलेली ती ओळ वाचली. पहिली ओळ सांगत होती, मोकळे ठोकळे. दुसरी सांगत होती, सामान्य वापरकर्त्याला मिळू शकणारे मोकळे ठोकळे. डिस्कचा थोडा भाग यंत्रणा मुख्य चालकासाठी राखून ठेवते. तो मोकळा दिसतो, पण इतरांना त्यात काही ठेवता येत नाही. हिरवी पट्टी आदल्या दिवशी तेवढीच राखीव जागा दाखवत होती. आणि जागा लागत नव्हती, कारण काही लिहिलंच जात नव्हतं.

एवढ्यानं भागलं असतं तर ठीक होतं. डिस्क दर वेळी सांगत होती, की घेता येत नाही. पण ते उत्तर ऐकून घेण्याची तसदीच बाइटरावच्या प्रोग्रॅमनं घेतली नव्हती. लिही म्हणायचं आणि लिहिलंस का ते विचारायचं नाही. आपल्याला कोण नाही म्हणणार, अशा थाटात त्यानं तो भाग लिहिला होता.

इतकं सगळं डोळ्यांसमोर असताना त्याच्या मनात पहिला विचार काय आला? की माहितीपत्रकात ती दुसरी ओळ ठळक छापायला हवी होती. याची त्याला नंतर फार लाज वाटली.

संध्याकाळी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ठोकळ्यांपासून सुरुवात केली. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाईंना सांगितलंस?"

"आधी दुरुस्त करतो, मग सांगतो."

"काय दुरुस्त करणार? प्रोग्रॅम, की बाईंचा गळा?"

सकाळी बाइटराव बाईंच्या घरी गेला.

दार बाईंच्या धाकट्या बहिणीनं उघडलं. दोघी एकत्र राहायच्या. बाई खिडकीशी बसून वाटाणे सोलत होत्या.

"बसा," धाकटी म्हणाली. "ती बोलणार नाही, पण ऐकू येतं तिला. तिचं बोलणं बंद झाल्यापासून लोक तिच्याशी ओरडून बोलतात, म्हणून आधीच सांगते. तिच्या खुणा मला कळतात."

बाइटराव खुर्चीच्या कडेला बसला. रस्त्यात त्यानं भाषण तयार केलं होतं.

"बाई, त्याचं असं आहे, की डिस्कवरची मोकळी जागा दोन प्रकारची असते. आता प्रोग्रॅम जेव्हा ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतो..."

बाईंनी एक बोट वर केलं आणि हवेत आडवी रेघ ओढली.

"ती म्हणतेय, ठळक बातम्या आधी," धाकटीनं सांगितलं.

"तुमचं वाचन गेलं."

वाटाणे सोलणारे हात थांबले. बाईंनी पंजा उघडून दाखवला.

"सगळं?" धाकटीनं विचारलं, आणि हा प्रश्न बाईंचा की तिचा स्वतःचा हे त्याला कळेना.

"पहिलं वाक्य आहे. म्हणजे, अर्धं."

"अहो, काय सांगताय तुम्ही?" धाकटीचा आवाज चढला. "त्या वाचनासाठी तिनं आधी आठवडाभर घरात मीठ मागायलासुद्धा तोंड उघडलं नव्हतं. जपून ठेवला होता आवाज. आणि तुम्ही तो..." बाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि बाइटरावकडे बघून हनुवटी उचलली. कसं?

मग त्यानं सांगितलं. यावेळी ठोकळे वगळून. जागा होती, पण आपल्यासाठी नव्हती, आणि मी ती आपली समजलो.

"म्हणजे नाटकाला पहिल्या रांगेत पाहुण्यांसाठी खुर्च्या राखून ठेवतात तसं?" धाकटी म्हणाली.

"अगदी तसं."

बाईंनी दोन बोटं डोळ्यांकडे नेली आणि मग मांडीवर काहीतरी चिकटवल्यासारखं केलं. धाकटी घुटमळली.

"ती विचारतेय, खुर्चीवर कागद चिकटवलेला असतो, तो तुम्हाला वाचता येत नाही का? मूळ वाक्यात आणखी एक शब्द होता, तो मी गाळला."

"नका गाळू," बाइटराव म्हणाला. "असू दे."

"गाढवा," धाकटीनं निरोप पूर्ण केला.

मग बाईंनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले, जशी लांब हाक मारतात तसे, आणि भुवया उंचावून त्याच्याकडे पाहिलं.

"नावाडी पलीकडच्या काठावरच्या भावाला हाक मारतो ना, शेवटी," धाकटी म्हणाली, "ती हाक कशी झाली होती, असं विचारतेय. घरी तिनं कधी मोठ्यानं म्हणून बघितली नव्हती. एकदाच मारायची होती. तिला स्वतःला काही कळलं नाही म्हणे. तुम्ही तिथेच होता, तुम्ही सांगा."

बाइटरावला आठवेना. नावाडी, नदी, भाऊ यांतलं काहीच आठवेना. प्रसंग निभावून नेता आला असता. 'अप्रतिम' एवढा एक शब्द पुरला असता, आणि तो त्याच्या जिभेवर आलाही होता. पण समोरची बाई न बोलता त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या त्या बघण्यापुढे खोटं टिकलं नसतं.

"मी ऐकत नव्हतो," तो म्हणाला. "मी पट्टी बघत होतो."

"पूर्ण वेळ?" धाकटीनं विचारलं.

"पूर्ण वेळ. कानसेन रडला. मला वाटलं सर्दी झालीय."

बाईंचे खांदे हलायला लागले. धाकटी घाबरून उठली. पण बाई हसत होत्या, आवाज न करता, तोंडावर पदर दाबून, मांडीवरचे वाटाणे खाली सांडेपर्यंत. नंतर त्यांनी त्याच पदरानं डोळे पुसले, आणि ते पुसणं बराच वेळ चाललं. मग त्यांनी टेबलावर दोनदा टकटक केली.

"उठा आता," धाकटी म्हणाली.

दारापाशी बाइटरावनं हळूच विचारलं, "रागावल्यात का?"

"रागावलीय ना."

"मग हसल्या त्या?"

"जन्मभर बातम्या वाचल्यात तिनं. एका तोंडानं दोन्ही करायची सवय आहे तिला."

बाई मागून आल्या. त्यांच्या हातात ती कादंबरी होती. ती त्यांनी बाइटरावच्या छातीवर आपटावी तशी टेकवली आणि काही खुणा केल्या.

"म्हणतेय, वाचून काढा. आवाज परत आला तर ती येईल. तेव्हा तुम्ही तिथे बसायचं, पडद्याकडे पाठ करून."

शस्त्रक्रिया नीट झाली. पुढच्या दिवसांत बाइटरावनं दोन कामं केली. एक म्हणजे कादंबरी वाचली. शेवटच्या प्रकरणात पुरात नदी गावात शिरलेली असते आणि म्हातारा नावाडी ज्या भावाशी जन्मभर बोलला नाही त्याला पलीकडून हाक मारतो. ती हाक कशी असेल हे बघायला बाइटराव न्हाणीघरात जाऊन ओरडला.

"कुणाला बोलावतोयस?" बायकोनं बाहेरून विचारलं.

"भावाला."

"तुला भाऊ कुठाय?"

दुसरं काम प्रोग्रॅमचं. आधी तो इतका घाबरला होता की त्यानं दर क्षणाला इशारा देणारा प्रोग्रॅम लिहिला. कानसेननं माइक हलवला तरी घंटा वाजायची. "आधी हा थापा मारायचा," कानसेन म्हणाला, "आता रडतो." मग त्यानं तो सगळा पसारा काढून टाकला. जागेचा योग्य आकडा घेतला, तो म्हणजे आपल्याला मिळू शकणाऱ्या जागेचा. तेवढ्यावरही विसंबायचं नाही हे त्याला आता कळलं होतं, कारण विचारल्यानंतर आणि लिहिण्याआधी दुसरं कुणी ती जागा बळकावू शकतं. म्हणून दर वेळी लिहून झालं की खरंच लिहिलं गेलं का ते विचारायचं, नसेल तर जोरात घंटा वाजवायची, आणि शेवटी सगळी फाइल पहिल्यापासून वाचून बघायची. हे सगळं कुठल्याही सी शिकवणाऱ्या पुस्तकात सुरुवातीच्या धड्यांत असतं. बाइटरावनं ते धडे सोपे म्हणून ओलांडले होते.

काही महिन्यांनी बाई आल्या. आवाज आला होता, पण पहिला नव्हता. खालच्या पट्टीत गेलेला, खरखरीत, रेतीवरून होडी ओढावी तसा. "असा आहे आता," त्या म्हणाल्या. "चालवून घ्या."

बाइटराव पडद्याकडे पाठ करून बसला. पाठीत गुदगुल्या होत होत्या, मान वळवावीशी वाटत होती, पण पाच-सहा वाक्यांनंतर ते विसरायला झालं. पूर चढत गेला. नावाडी काठावर उभा राहिला. बाईंनी हाक मारली आणि ती मध्येच फाटली. त्या थांबल्या, पाणी प्यायल्या, आणि पुन्हा मारली. या वेळी ती शेवटपर्यंत गेली.

वाचन संपल्यावर कानसेननं दोन्ही हाका ऐकवल्या.

"कुठली ठेवायची?" बाईंनी बाइटरावला विचारलं. "आज ऐकलंस ना?"

"ऐकलं," तो म्हणाला. त्यानं खरोखर विचार केला. "दुसरी. स्वच्छ आहे."

"पहिली ठेव रे," बाई कानसेनला म्हणाल्या.

मग बाइटरावच्या आग्रहाखातर सगळ्यांनी ते प्रकरण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत बसून ऐकलं. सगळं होतं.

पुस्तक वाचकांकडे गेलं. शेवटच्या प्रकरणात आवाज एकदम बदललाय, लोक काय म्हणतील, या काळजीत तिघंही होती. बाईंनी सुरुवातीला एक खुलासा स्वतः वाचून घातला होता, की वाचणारी तीच आहे. तरी बाई रोज सकाळी विचारून जायच्या, आलं का कुणाचं काही. अखेर पुस्तक ऐकलेल्या एका गृहस्थांचा फोन आला. बाई तिथेच होत्या. बाइटरावनं तो घेतला, बराच वेळ हो, हो म्हणत राहिला आणि खाली ठेवला.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"कादंबरी आवडली म्हणाले. सातव्या प्रकरणात खुर्ची करकरते, तेवढी तक्रार आहे."

"आणि शेवटचं?"

"त्याबद्दल काही बोलले नाहीत."

"गळा कापून घेतला मी," बाई आपल्या नव्या आवाजात म्हणाल्या, "आणि त्या फोनवाल्याला खुर्ची ऐकू आली." मग त्या वाचनाच्या खोलीत गेल्या आणि एकेका खुर्चीवर बसून, पुढेमागे डुलून, करकरणारी कुठली ते शोधायला लागल्या.